अजिंठ्याला जाताना काय लावू?

तीन कलीग, एक गाडी, शंभर किलोमीटर आणि पारा चाळिशीच्या वर. पर्फ्युमची खरी परीक्षा घ्यायची तर ती मराठवाड्यातल्या मे महिन्यातच!

मॉलमध्ये पर्फ्युम घ्यायला गेलात की काय होतं, आठवून बघा. चकाचक काउंटर, अंगावर काटा येईल असा एसी आणि हसतमुख मुलगी. ती कागदाच्या पट्टीवर फस्सकन् फवारा मारते, पट्टी हवेत हलवते आणि आपल्या नाकाखाली धरते. पहिला मस्त. दुसरा त्याहून मस्त. तिसरा... अं... ठीक. चौथ्यापासून सगळे सारखेच! मग ती कॉफीच्या बियांची वाटी पुढे करते. (बॉस, त्या कॉफीने विशेष काही होत नाही. नाक थकलं की बाहेर जाऊन साधी हवा घ्यायची, नाहीतर स्वतःच्याच कोपराचा वास घ्यायचा. फुकट आणि तितकंच कामाचं.) शेवटी आपण चार-पाच हजार मोजतो, दुसऱ्या दिवशी ऐटीत लावून स्कूटीवर बसतो आणि क्रांती चौकाच्या सिग्नलपर्यंत तो गायब झालेला असतो!

यात बाटलीचा दोष नाही. अहो, पर्फ्युम म्हणजे उडून जाण्यासाठीच बनवलेली वस्तू. ती उडते म्हणून तर आपल्या नाकापर्यंत पोहोचते. लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांचे हलके कण आधी उडतात, मग फुलं, मग मसाले आणि शेवटी चंदन, कस्तुरीसारखे जड वास उरतात. थंड हवेत हा सगळा कार्यक्रम निवांत चालतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरात (२०२३ पर्यंतचं औरंगाबाद. नावावर पुन्हा कधीतरी, आज वासावर बोलू) मे महिन्यात तोच कार्यक्रम फास्ट फॉरवर्ड होतो. त्यात कोरडी हवा. कोरड्या त्वचेवर वास टिकत नाही, कारण त्याला धरून ठेवायला तेलच नसतं.

मग इथल्या माणसाने लावावं काय? ऑफिसात दुपारच्या चहाला हा वाद पेटला आणि त्यातून निघाला अजिंठ्याचा प्लॅन.

टीम आणि नियम

आम्ही तिघं. पहिली मी, सिडकोत वाढलेली, आयुष्यभर डिओवर जगलेली. दुसरा आमचा पुणेकर. बदली होऊन इथे आला त्याला दोन वर्षं झाली, पण अजून ‘आमच्याकडे पुण्यात’ने वाक्य सुरू करतो. पर्फ्युमचा कीडा. त्याच्या कपाटात शर्टांपेक्षा बाटल्या जास्त आहेत. आणि तिसरी माझी मैत्रीण, शहागंजकडची, आमच्या टीममधली एक्सेलची राणी. तिच्याकडे घरातून आलेलं अत्तराचं ज्ञान आहे. आजोबा लावायचे, अब्बू लावतात, तीही लावते. म्हणजे घरी लावते. ऑफिसात येताना तिच्या बॅगेत एक बॉडी मिस्ट असतो. का, ते पुढे येईलच.

नियम साधे. सकाळी सातला निघण्याआधी प्रत्येकाने दोन्ही मनगटांवर वेगवेगळं काहीतरी लावायचं, हवं तर कोपराच्या आतल्या बाजूलाही. दिवसभर पुन्हा लावायचं नाही. दर थांब्याला एकमेकांचे हात हुंगायचे आणि खरं बोलायचं. लोकांनी काय पाहायचं ते पाहू दे!

पुणेकराने आणली सीके वन (१९९४ची, मुला-मुलींनी दोघांनी लावावी म्हणून बनवलेली, आणि तेव्हा हाच तिचा हटके फंडा होता) आणि दिओरची सोवाज, २०१५ची. मैत्रिणीने आणली गर्लांची शालिमार. दुबईच्या चुलतबहिणीने पाठवलेली छोटी बाटली. १९२५ साली पॅरिसमध्ये बनलेल्या या पर्फ्युमला नाव मात्र आपल्याकडच्या मुघल बागेचं! दुसऱ्या मनगटावर तिने लावला शमामा. आणि मी? माझं सामान आम्ही आदल्या संध्याकाळी जुन्या शहरातून घेतलं होतं.

‘रगडो नको बेटा!’

एक सांगू? सिडकोतली आमची पिढी जुन्या शहरात फारशी जात नाही. ईदच्या आधी कपडे, हिमरूची शाल घ्यायला आलेला पाहुणा, पाणचक्की, बीबी का मकबरा. बस्स. मीही अत्तराच्या दुकानाची पायरी पहिल्यांदाच चढत होते. दुकान कसलं, एक मोठं कपाटच. मागे काचेच्या जाड बाटल्या, आत पिवळे, हिरवे, काळपट द्रव. समोर पांढऱ्या दाढीचे चाचा. मैत्रिणीला बघून म्हणाले, ‘अब्बा कैसे हैं?’ मग माझ्याकडे वळून, ‘हाथ दो.’

काचेच्या काडीने त्यांनी मनगटावर एक ठिपका ठेवला. मी सवयीने दुसरं मनगट त्यावर घासायला गेले तर ओरडलेच, ‘रगडो नको बेटा! बैठने दो उसको.’

बसू दिलं. आधी काहीच नाही. मग ओल्या मुळांचा, मातीच्या माठाचा, हिरवा आणि गार वास. वाळा! लहानपणी दुपारी कूलरला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडलं की यायचा तोच. त्याची बाटली खरंच हिरवट होती. चाचा म्हणाले हा रूह आहे, म्हणजे नुसतं वाळ्याचं तेल, त्यात दुसरं काही नाही. तांब्याच्या भांड्यात उकळतो म्हणून हिरवा होतो.

हे तांब्याचं प्रकरण भारी आहे. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये आजही काही कारखान्यांत अत्तर असंच बनतं. मोठ्या तांब्याच्या हंड्यात, म्हणजे देगेत, फुलं आणि पाणी घालायचं, तोंड मातीने लिंपायचं आणि खाली जाळ लावायचा. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात, भपक्यात, उतरते. भपका पाण्यात बुडवून गार ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ त्या तेलात मुरते. अत्तरवाले या तेलाला ‘जमीन’ म्हणतात. काय शब्द आहे! वास त्या जमिनीत रुजतो. खरं चंदन महागल्यापासून स्वस्त अत्तरांची जमीन बहुतेकदा पॅराफिन किंवा तसल्याच रसायनाची असते. चाचांनी हे लपवलं नाही. ‘असली संदल की जमीन होना तो पैसा लगता,’ एवढंच म्हणाले आणि दोन बाटल्या शेजारी ठेवून फरक हुंगायला लावला. स्वस्तातलं अत्तर सुरुवातीला जास्त जोरात येतं. महागडं गप्प असतं.

मी तीन घेतली. वाळ्याचा रूह, मिट्टी आणि हिना. प्रत्येकी तीन मिली. वाळा सोडला तर बाकी दोन्हींची मिळून किंमत दोन जणांच्या पिझ्झाइतकी. वाळा त्या दोघांहून महाग पडला.

हर्सूल ते सिल्लोड

सकाळी सात. हवा अजून बरी. गाडीत बसल्या बसल्या सोवाजने ताबा घेतला. पुणेकराने ‘फक्त मनगटावर’ नियम पाळला होता, पण मनगटावर पाच फवारे! मिरपूड, बर्गमॉट आणि नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखं काहीतरी. वाईट अजिबात नाही, पण बंद गाडीत ते चौथं प्रवासी म्हणून बसलं होतं. हर्सूल सुटायच्या आत आम्ही काचा खाली केल्या.

सीके वन गोड सरप्राइज ठरली. पहिली वीस मिनिटं लिंबू-सरबत, ग्रीन टी, अंघोळीनंतरचा टॉवेल. फुलंब्रीला पोचेपर्यंत लिंबू उडाला आणि खाली राहिली धुतलेल्या कपड्यांसारखी स्वच्छ, किंचित साबणासारखी झाक. पुणेकर हिरमुसला. मला मात्र तो उरलेला वासच आवडला. ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोणाला त्रास होणार नाही असा.

इथे थोडं गणित. बाटलीवर ‘ओ द तॉयलेत’ लिहिलेलं असेल तर साधारण ५ ते १५ टक्के सुगंधी तेल, बाकी मुख्यतः अल्कोहोल. ‘ओ द पार्फम’ असेल तर साधारण १५ ते २० टक्के. अल्कोहोल त्वचेवर पडताच उडतं आणि वास सोबत उचलून नेतं, म्हणून स्प्रे खोलीभर पसरतो. अत्तरात अल्कोहोल नाही. तेलच. ते उचललं जात नाही, बसून राहतं. म्हणून अत्तर लावलेला माणूस दारातून आत आल्याचं कळत नाही, जवळ बसला की कळतं.

सिल्लोडला चहाला थांबलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि ऊन चांगलंच लागत होतं. इथे शालिमारचा निकाल लागला. निकाल म्हणजे काय, तिचा काही गुन्हा नाही. ती बाई पॅरिसच्या थंडीत फर कोट घालून ऑपेराला जायला निघालेली, आणि आम्ही तिला सिल्लोडच्या टपरीवर कट चहा पाजत होतो! व्हॅनिला, धूर, गोडवा, सगळं एकदम वर आलं. उन्हात उभं राहून बासुंदी खाल्ल्यासारखं. मैत्रीण म्हणाली, ‘ही डिसेंबरातली आहे. हिला आपण परत बोलावू.’

आणि तिच्या दुसऱ्या हातावरचा शमामा? खरं सांगायचं तर सकाळी मला तो झेपला नव्हता. कडवट, औषधी, आयुर्वेदिक काढ्यासारखा. शमामा हे एका फुलाचं अत्तर नाही. जटामांसी, लवंग, जायफळ, वेलची असं बरंच काही टप्प्याटप्प्याने देगेत चढवून बनवतात, आणि प्रत्येक घराण्याची यादी वेगळी. सिल्लोडला हात हुंगला तर काढा मावळायला लागला होता. मी वहीत लिहिलं : ‘थांबावं.’

घाट, पायऱ्या, घाम

अजिंठा गाव गेलं, घाट उतरलो, फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावली. पुढचे चार किलोमीटर तिथली बस. मग पायऱ्या. मे महिन्यात वाघूर नदीत पाण्याचा पत्ता नव्हता. घोड्याच्या नालेसारखा वळलेला काळा कडा आणि त्यात रांगेने तीस लेणी. १८१९ साली वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली, तिथपासून जगाला अजिंठा माहीत झाला. १९८३ पासून जागतिक वारसा. हे सगळं आपण शाळेच्या सहलीत घोकलेलं असतं, पुन्हा सांगत नाही.

पायऱ्या चढताना घाम फुटला आणि परीक्षेचा सगळ्यात अवघड पेपर आला. घाम आणि पर्फ्युम एकत्र आले की काय होतं ते लोकल, सिटी बस आणि शेअर रिक्षावाल्या सगळ्यांना ठाऊक आहे. डिओने वास ‘दाबायचा’ प्रयत्न केला की दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी तयार होतं. सोवाजचं कौतुक इथे करायलाच हवं. मोकळा कडा आणि गरम वारा मिळताच गाडीतला तो दांडगा एकदम देखणा झाला. पुणेकर आमच्या पुढे दहा पायऱ्या चालत होता आणि मागे छान रेघ सोडत होता. फवाऱ्याला जागा लागते, हे तेव्हा पटलं.

माझा वाळा मात्र शांतपणे जिंकत होता. घामाशी त्याचं भांडण नाही. उलट ओलाव्यात तो जास्त खरा वाटतो. साडेदहाला, उन्हाच्या झळा लागत असताना मनगट नाकाशी नेलं तर माठातलं पाणी! अंगाला गारवा मिळत नाही हे कळत होतं, पण डोक्याला मिळत होता.

आरसा, तबक आणि गंधकुटी

लेण्यात शिरलं की आधी वास बदलतो, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. गार दगड, दमटपणा, मध्येच वटवाघळांचा उग्र दर्प. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, फ्लॅश चालत नाही आणि एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात. आपल्या श्वासातली वाफसुद्धा त्या रंगांना त्रास देते म्हणून. (तेव्हा आत उभं राहून बॅगेतून स्प्रे काढणाऱ्या मंडळींनो, प्लीज!)

लेणं क्रमांक १. पद्मपाणी. हातात निळं कमळ. हजार वेळा कॅलेंडरवर पाहिलेलं चित्र, पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की बोटांत तो ते फूल किती अलगद धरतो. तो धक्कातोल, सॉरी, तो फस्सकन् फवारा नाही. चाचांच्या काचेच्या काडीसारखं आहे ते धरणं.

आणि लेणं क्रमांक १७. तिथे एक प्रसाधनाचं चित्र आहे. हातात आरसा घेऊन उभी असलेली राजस्त्री, बाजूला सेविका, एकीच्या हातात चवरी, एकीच्या हातात तबक. आरशात बघण्याची तिची पोझ बघाल तर म्हणाल, ही तर आपली फ्रायडे नाइट! तबकात काय असेल यावर आमची दहा मिनिटं गेली. चित्रातून वास येत नाही, पण अंदाज बांधायला साधनं आहेत. ही चित्रं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. त्यानंतर थोड्याच काळाने, सहाव्या शतकात, उज्जैनच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ लिहिली, आणि ग्रह-ताऱ्यांच्या त्या पंडिताने त्यात एक अख्खा अध्याय दिला आहे ‘गंधयुक्ती’ला! केसांचं तेल, स्नानाची चूर्णं, तोंडाला वास येऊ नये म्हणून मुखवास, सगळं आहे. शिवाय सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडायची तर १८२० जोड्या होतात, आणि प्रमाणं बदलत गेलं तर १,७४,७२० सुगंध बनतात, असा हिशोबही. पुणेकर इंजिनिअर. त्याने तिथेच फोनवर पहिला आकडा पडताळून पाहिला. बरोबर निघाला!

म्हणजे तबकात चंदनाची उटी असू शकते, केशर, कापूर, अगरू, कस्तुरी असू शकते. स्प्रे नक्की नव्हता. तेव्हाचा सुगंध अंगावर लेपायचा, केसांत धुपायचा असे. शरीराच्या उबेने तो हळूहळू उलगडायचा. आपण ज्याला ‘स्किन सेंट’ म्हणून आज दुप्पट भावात घेतो, साधारण तोच प्रकार.

अजून एक गोष्ट मला तिथेच कळली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. याच सतराव्या लेण्याच्या व्हरांड्यात एक शिलालेख आहे. त्यात देणगीदाराने केलेल्या कामांचं वर्णन येतं आणि पश्चिमेला उभारलेल्या मोठ्या ‘गंधकुटी’चा उल्लेख येतो. अभ्यासक ती म्हणजे एकोणीस क्रमांकाचं चैत्यगृह मानतात. गंधकुटी म्हणजे बुद्धाची राहण्याची खोली. लोक फुलं, धूप वाहायचे आणि खोली सुगंधाने भरून जायची, म्हणून हे नाव. कल्पना करा, कोणी कुठे राहतो हे पत्त्यावरून नाही, वासावरून सांगायचं!

एकोणीसच्या दारात आम्ही थोडा वेळ बसलो. आता तिथे फक्त दगडाचा वास येतो.

‘कोणी धूप लावलाय का?’

आता मैत्रिणीच्या बॅगेतल्या बॉडी मिस्टबद्दल.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात ती शमामा लावून आली होती. फार नाही, कानामागे एक ठिपका. (ही आमच्या आताच्या ऑफिसची गोष्ट नाही, आधीच्या नोकरीतली.) दुपारी कोणीतरी हसत हसत म्हणालं, ‘अरे, दर्ग्यात आल्यासारखं का वाटतंय?’ सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिने डिओ घेतला. नंतर इंटरव्ह्यू, क्लायंट मीटिंग, ऑफिस पार्टी, कुठेच अत्तर नाही. ‘मला वाईट वगैरे वाटलं नव्हतं गं,’ ती म्हणाली, ‘पण माझं नाव, माझा एरिया, हे लोकांना माझ्या कामाआधी कळतंच. त्यात वासही कशाला?’

यावर पटकन बोलण्यासारखं काही नव्हतं. कारण खरं म्हणजे आपण सगळेच हे करतो. अमुक वास ‘क्लासी’, तमुक वास ‘डाउनमार्केट’. मोगऱ्याचा गजरा घालून कोणी बोर्डरूममध्ये आली तर ‘काकूबाई’. तोच मोगरा फ्रेंच नाव लावून काचेच्या बाटलीतून आला की ‘वॉव, जास्मिन!’ हिना म्हटलं की उरूस, आणि तीच मसालेदार, लाकडी छटा इंपोर्टेड ‘ऊद’ म्हणून आली की एअरपोर्टवर रांग. आणि गंमत अशी, की हा ऊद, म्हणजे अगरू, आपल्याच आसामातल्या झाडाला बुरशी लागून तयार होतो. लग्नात मनगटाला अत्तर लावणं, वर गुलाबपाणी शिंपडणं, कानात फाया ठेवणं ही तर आपल्या आज्यांच्या घरातलीही रीत होती. ती कधी सुटली ते आपल्याला कळलंही नाही.

तर सतराव्या लेण्याबाहेर आम्ही रांगेत उभे होतो. मागे नाशिककडच्या चार-पाच मावश्यांचा ग्रुप. ऊन डोक्यावर आलेलं. आणि मागून आवाज आला, ‘अगं, इथे कोणी धूप लावलाय का? किती छान येतोय!’ दुसरी म्हणाली, ‘देवघरासारखा.’ तिसरी म्हणाली, ‘छे, आमच्या सासूबाईंच्या पेटीतल्या शालूसारखा.’

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मैत्रिणीने हात पुढे केला. ‘मावशी, हे आहे.’ मावश्यांनी आळीपाळीने तिचं मनगट हुंगलं. नाव विचारलं, कुठे मिळतं विचारलं, एकीने पर्सच्या मागे लिहूनही घेतलं. सकाळच्या काढ्याचा चार तासांत मसाल्याचा डबा झाला होता, जुन्या लोकरी शालीची ऊब आली होती, आणि खाली कुठेतरी चंदन. मी वहीत ‘थांबावं’च्या पुढे लिहिलं : ‘थांबल्याचं चीज झालं.’

वळीव

परतीच्या वाटेवर तीनच्या सुमारास गोळेगावच्या पुढे आभाळ भरून आलं. वळवाचा पाऊस! दहाच मिनिटं, पण टपोरा. पुणेकराने न सांगता गाडी बाजूला घेतली, कारण माझ्या डाव्या कोपरावर मिट्टी होतं आणि समोर खरी माती.

अशी संधी परत कधी मिळणार? पहिल्या पावसाच्या वासाला इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ म्हणतात आणि तो शब्द १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी बनवला. कन्नौजवाले त्याच्या आधीपासून हा वास बाटलीत भरत आले आहेत. मातीच्या भाजलेल्या चकत्या देगेत घालायच्या आणि त्यांची वाफ चंदनात उतरवायची. पावसाची वाट बघायचीच नाही.

तर तुलना. खरा वास रानटी असतो. नांगरलेल्या काळ्या रानातून येणारा, अंगावर धावून येणारा, त्यात वाळलेली धसकटं, शेण, डांबर, सगळं. कोपरावरचा मिट्टी माठाचा होता. घरात आणलेला, माणसाळलेला पाऊस. पाच मिनिटं दोन्ही आलटून पालटून हुंगले. शेवटी खरा जिंकला, अर्थात. पण खरा पंधरा मिनिटांत संपला आणि कोपरावरचा घरी पोचेपर्यंत होता.

हिना मी उजव्या कोपरावर लावली होती. ती दिवसभर गप्प होती आणि संध्याकाळी सातला, मी दमून कॉटवर पडल्यावर, बोलायला लागली. हे अत्तर बारा तासांनी आलं! वीकेंडला लवकर लावून ठेवा आणि विसरून जा.

मग लावायचं काय?

माझं मत विचाराल तर बघा : दुचाकीवर, उन्हात, फिल्डवर फिरणाऱ्यांनी वाळा लावावा. आंघोळीनंतर अंग थोडं ओलसर असताना मनगट आणि मानेवर एक-एक ठिपका. पांढऱ्या शर्टवर मात्र नाही, डाग पडतो. त्वचा फार कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, वास जास्त टिकेल. एसी ऑफिसात सीके वनसारखं हलकं काहीतरी उत्तम, आणि दोन फवारे म्हणजे दोनच. शेजारच्या क्युबिकलमध्ये मायग्रेनवालं कोणीतरी असतंच. हात लांब केला आणि तिथवर वास पोचला नाही, म्हणजे प्रमाण बरोबर. सोवाजसारखे दांडगे संध्याकाळी, गच्चीवर, मोकळ्यात. शालिमार डिसेंबरात. अत्तर घेताना दुकानात निर्णय घेऊ नका. ठिपका लावून घ्या, बाजारात एक चक्कर मारा, भजी खा, तासाभराने हात हुंगा. मग पैसे काढा. चाचांना राग येत नाही. उलट पट्टीवर हुंगून लगेच घेणाऱ्या गिऱ्हाइकाचंच त्यांना नवल वाटतं.

स्प्रे आणि अत्तर एकत्र लावता येतं का? येतं. खाली अत्तराचा एक ठिपका, वर हलका स्प्रे. चंदनाची जमीन स्प्रेला धरून ठेवते. पुणेकर आता वाळ्यावर सीके वन मारून येतो आणि लिफ्टमध्ये सगळ्यांना विचारत सुटतो, ‘ओळख?’ अजून कोणाला ओळखता आलेलं नाही. ‘आमच्याकडे पुण्यात’ मिळतं का, असं मी विचारलं तर विषय बदलतो.

आणि मैत्रीण? सोमवारी ती शमामा लावून आली. कोणी काही बोललं नाही. समोरच्या डेस्कवरच्या एकाने फक्त विचारलं, ‘बिर्याणी आणलीस का?’ आणि तिने डब्यातली भेंडी दाखवली. मंगळवारीही लावलं. बुधवारी क्लायंटसमोर मोठं प्रेझेंटेशन होतं. त्या दिवशी तिच्या बॅगेत पुन्हा बॉडी मिस्ट होता. मी भुवया उंचावल्या तर म्हणाली, ‘आज नको. आज फक्त माझं एक्सेल बोलू दे.’

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी पुन्हा शहागंजला गेलो. तिच्या अब्बूंची बाटली संपली होती आणि मला हिना अजून हवी होती. या वेळी अख्खा तोळा.